घरचे व्यायामयंत्र : भाराची परीक्षा

महाराष्ट्रातील जुन्या तालमींत व्यायामाची जी साधने असत, ती मोजकी आणि उघडी असत. मुद्गल, करेला, दगडी नाल, मल्लखांबाचा खांब आणि तांबड्या मातीचा हौदा एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्या शरीरे घडली. आणि त्या सामग्रीचा एक मोठा गुण असा होता की, तिचा भार लपून राहत नसे. मुद्गल हाती घेताच तो पेलेल की नाही याचा निवाडा मनगट तत्काळ देई. आणि नवख्याचे मनगट चुकलेच, तर वस्ताद तो मुद्गल त्याच्या हातून काढून घेऊन दुसरा देई. आज शहरातील सदनिकेत जे व्यायामयंत्र येते, त्याचा प्रकार निराळा आहे. त्याचा भार पुलीच्या फेऱ्यांत, लवचीक कांड्यांत, उतरत्या रुळांवर अथवा चुंबकाच्या फटीत दडलेला असतो. त्यावर छापलेला आकडा आणि हाताला जाणवणारा जोर यांत कित्येकदा दुपटीचे अंतर असते. आणि निवड करून देणारा वस्ताद घरी नसतो. सबब खरेदीदाराने स्वतःच काही काळ वस्तादाची नजर धारण केली पाहिजे. ती नजर कशी कमवावी आणि कोणत्या बाबींची खातरजमा करून मगच पैसे मोजावेत, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

घरी यंत्र आणणे ही आळसाची पळवाट होय, असे मानणारा एक पक्ष आहे. तो मला मान्य नाही. ज्याचे रोज तीन-चार तास लोकलच्या प्रवासात जातात, ज्या गृहिणीला पहाटेच्या अंधारात एकटीने रस्त्यावर चालणे सुरक्षित वाटत नाही, ज्या वृद्धाचे गुडघे उखडलेल्या पदपथावर धजत नाहीत आणि ज्या कोकणवासीयाचे चार महिने संततधारेखाली जातात, त्या सर्वांस घरातील साधन हा प्रामाणिक उपाय आहे. तथापि उपाय प्रामाणिक असला तरी त्याची निवड डोळसपणे झाली नाही, तर तेच यंत्र सहा महिन्यांत ओले टॉवेल वाळवण्याच्या कामी येते, हेही आपण अनेक घरांत पाहतो.

गरज कोणती ते आधी ठरवावे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र श्रमाचा व्यायाम करावा, आणि त्याशिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस केली आहे. या शिफारशीचे दोन भाग आहेत, आणि खरेदीदाराच्या दृष्टीने तिचे सारे मर्म त्या दोन भागांतच आहे. पहिला भाग हृदय आणि फुप्फुसे यांचा. दुसरा स्नायू आणि हाडे यांचा. ट्रेडमिल, सायकल, क्रॉस ट्रेनर ही यंत्रे पहिला भाग पुरा करतात. मल्टी-जिम, डंबेल, रबरी पट्टे ही दुसरा. जो गृहस्थ रोज सकाळी तासभर टेकडी चढतो, त्याने ट्रेडमिल घेणे म्हणजे असलेलेच पुन्हा विकत घेणे होय. त्याच्या शरीराला खरी उणीव भाराच्या व्यायामाची असते. उलट ज्याचे दिवसभराचे काम अंगमेहनतीचे आहे, परंतु दोन जिने चढताच ज्याला धाप लागते, त्याने वजनांच्या यंत्राकडे आधी वळण्याचे कारण नाही. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपला आठवडा कागदावर मांडावा आणि कोणता भाग रिता आहे ते पाहावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब, सांध्यांचे जुने दुखणे अथवा गर्भारपण असल्यास वैद्यकीय सल्ला घेऊनच पुढचा विचार करावा.

भाराचे चार प्रकार

स्नायूंसाठी जी यंत्रे स्वस्त किंमतीत मिळतात, त्यांचे भाराच्या उगमावरून चार वर्ग पडतात, आणि या वर्गांतील भेद एकदा नीट उमगला की जाहिरातीतील पुष्कळसा मजकूर आपोआप गळून पडतो.

पहिला वर्ग वजनांच्या चळतीचा. लोखंडी चकत्या दोन उभ्या दांड्यांवर रचलेल्या असतात, हवी तितकी वजने पिन खोचून निवडावयाची आणि केबलच्या साहाय्याने ती उचलावयाची, ही मल्टी-जिमची सर्वपरिचित रचना. अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी १९७० च्या सुमारास नॉटिलस नावाची यंत्रे बाजारात आणली आणि सांध्याचा कोन बदलतो तशी स्नायूची ताकदही बदलते, हे ध्यानी घेऊन त्यांत शंखाकृती चाक बसविले. तेव्हापासून यंत्राचा भार हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर योग्य असावा, हा विचार रूढ झाला. घरगुती मल्टी-जिममध्ये हे चाक क्वचितच असते. तेथे साध्या पुल्या असतात, आणि खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत येथेच होण्याचा संभव असतो. केबल एका फिरत्या पुलीवरून गेली असेल, तर चळतीत ४० किलोवर पिन असूनही हाताला २० किलोच लागतात; मात्र हाताला अंतर दुप्पट कापावे लागते. ही रचना सदोष नव्हे, केवळ ती आधी ठाऊक असली पाहिजे. म्हणून विक्रेत्यास विचारावे : छातीच्या व्यायामास प्रत्यक्ष भार किती, खाली ओढण्याच्या पट्टीस किती, पायांच्या व्यायामास किती? १०० पौंडांची, म्हणजे सुमारे ४५ किलोंची चळत प्रौढ स्त्रीस वा नवशिक्या पुरुषास पुष्कळ दिवस पुरते; परंतु पायांचे स्नायू लवकर बळावतात, आणि तरुण माणसास हा भार काही महिन्यांतच हलका वाटू लागतो. पुढे जादा चकत्या लावण्याची तजवीज आहे काय, हे तेव्हाच पाहून घ्यावे.

दुसरा वर्ग लवचीक भाराचा. यात स्प्रिंग, रबरी पट्टे आणि वाकणाऱ्या कांड्या हे सर्व येतात. ही कल्पना नवी नाही. १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेलेले सुप्रसिद्ध बलोपासक युजेन सँडो हे त्या काळी ताणण्याची साधने विकत असत, आणि बुलवर्कर या स्प्रिंगच्या दांड्याच्या जाहिराती आपल्याकडील मासिकांत एके काळी ठळकपणे झळकत होत्या. १९८६ साली अमेरिकेत निघालेल्या बोफ्लेक्स यंत्राने याच तत्त्वावर धनुष्यासारख्या वाकणाऱ्या कांड्या वापरल्या. या सर्वांना रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम लागू पडतो : ताण जितका वाढेल तितका प्रतिकार वाढेल. अर्थात कांडीवर जो आकडा छापलेला असतो, तो हालचालीच्या अखेरीस मिळतो. आरंभी भार त्याहून कितीतरी कमी असतो. छातीपासून पुढे ढकलण्याच्या व्यायामात हे सोयीचे पडते, कारण हात सरळ होत जातात तशी आपली ताकद वाढते. परंतु पाठीकडे ओढण्याच्या व्यायामात शेवटच्या टप्प्यावर स्नायू दुबळा असतो आणि भार मात्र कळसास पोहोचलेला असतो. या यंत्रांचे गुण दुसरीकडे आहेत. ती हलकी असतात, घडी घालून ठेवता येतात, लोखंडावर लोखंड आदळल्याचा आवाज होत नाही आणि भार झटक्याने अंगावर येत नाही. त्यांचा दोष असा की, रबर ऊन आणि उष्णता यांनी चिरते, ताणसाधनांचा जोर वर्षागणिक थोडा कमी होतो आणि सुटे भाग मूळ कंपनीखेरीज अन्यत्र मिळणे दुरापास्त असते. बोफ्लेक्स बनविणाऱ्या कंपनीने २०२४ च्या मार्च महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा व्यवसाय दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला, ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाव मोठे असणे ही सुट्या भागांची चिरकाल हमी नव्हे.

तिसरा वर्ग स्वतःच्या देहाच्या भाराचा. टोटल जिम या नावाने १९७४ पासून परिचित असलेल्या रचनेत तिरप्या रुळांवर एक सरकती फळी असते. तिच्यावर निजून अथवा बसून दोरीने स्वतःलाच वर ओढावयाचे असते. येथे भार किती हे उताराच्या कोनावरून काढता येते. ७० किलो वजनाच्या माणसास १० अंशांच्या उतारावर सुमारे १२ किलो, २० अंशांवर २४ किलो आणि ३० अंशांवर ३५ किलो भार जाणवतो. आणि दोरी फळीवरील पुलीतून गेली असल्यास हातांच्या वाट्याला त्याचाही निम्माच येतो. म्हणजे वृद्धांस, दीर्घ आजारातून उठलेल्यांस आणि नवशिक्यांस हे यंत्र अत्यंत सौम्य आणि उपकारक. परंतु बलसंवर्धनाची महत्त्वाकांक्षा धरणाऱ्या तरुणास त्याची मर्यादा लवकर जाणवते. मात्र फळीवर टेकून बैठका मारण्यास ते सर्वांनाच उपयोगी पडते.

चौथा वर्ग सुट्या वजनांचा, म्हणजे डंबेल, बारबेल आणि एक मजबूत बेंच. यास यंत्र म्हणावे की नाही, हा वाद बाजूस ठेवून इतके निश्चित म्हणता येईल की, तुलनेच्या तक्त्यात या वर्गास स्थान न देणे हा अन्याय होईल. २० किलोचा डंबेल हा हातात २० किलोच भरतो. त्याला पुली नाही, केबल नाही, तेलपाणी नाही आणि पन्नास वर्षांनंतरही त्याचा भार घटत नाही. त्याची शर्त एकच, ती अशी की तोल सांभाळण्याचे कौशल्य शिकून घ्यावे लागते आणि आरंभीचे काही आठवडे जाणत्या माणसाची देखरेख असावी लागते. एकट्याने व्यायाम करणाऱ्याच्या अंगावर मल्टी-जिमची चळत पडत नाही. बारबेल पडू शकतो. हा मल्टी-जिमच्या बाजूचा खराखुरा मुद्दा आहे.

ट्रेडमिल आणि सायकल

हृदयासाठीच्या यंत्रांत ट्रेडमिलचा मान पहिला. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांकडून सक्तमजुरी करून घेण्यासाठी जे पायचक्र तयार केले, त्याचे नाव या यंत्राने उचलले. आणि १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रॉबर्ट ब्रूस व वेन क्विंटन यांनी हृदयपरीक्षेसाठी त्याला रुग्णालयात आणले. आज स्ट्रेस टेस्ट म्हणून जी तपासणी होते, तिच्यात वेगाबरोबर चढही टप्प्याटप्प्याने वाढवितात, आणि त्यात खरेदीदारासाठी एक धडा आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाट पट्ट्यावर चालण्यास जितका प्राणवायू लागतो, त्याच्या दुपटीहून अधिक तो त्याच वेगाने १० टक्के चढावर लागतो. म्हणून ताशी १४ वा १६ किलोमीटर या आकड्यावर भाळण्यापेक्षा चढाची सोय चांगली असलेले यंत्र घेणे, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी, अधिक शहाणपणाचे ठरते. गुडघ्यांना धक्का कमी बसतो आणि हृदयाला मेहनत पुरेशी होते.

मोटारीच्या बाबतीत दोन आकडे असतात : क्षणभर मिळणारी कमाल शक्ती आणि अखंड मिळणारी शक्ती. जाहिरातीत बहुधा पहिला ठळक असतो; तुलना मात्र दुसऱ्याचीच करावी. केवळ चालण्यास दीड अश्वशक्तीची अखंड मोटार पुरते. नियमित धावावयाचे असल्यास, अथवा वापरणाऱ्याचे वजन अधिक असल्यास, दोन ते अडीच अश्वशक्ती हवी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीस जवळजवळ १,५०० वॅट लागतात, आणि आपल्या घरातील ६ अँपिअरचा साधा सॉकेट २३० व्होल्टवर १,३८० वॅटच पेलतो. तेव्हा १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग या गोष्टी यंत्र येण्यापूर्वीच करून घ्याव्यात. पट्टा चालण्यासाठी निदान ४० सेंटिमीटर रुंद आणि १२० लांब असावा. धावण्यासाठी ५० आणि १४० च्या जवळपास असावा, कारण आखूड पट्ट्यावर पाऊल आवरून टाकावे लागते आणि चाल बिघडते. यंत्राच्या मागे सुमारे दोन मीटर मोकळी जागा ठेवावी. भिंतीला पाठ लावून ट्रेडमिल ठेवणे धोक्याचे आहे. घरात लहान मुले असतील तर सुरक्षा-किल्ली काढून उंच ठिकाणी ठेवण्याची सवय लावावी. अमेरिकेत २०२१ साली एका बालकाच्या मृत्यूनंतर पेलोटन कंपनीची सुमारे सव्वा लाख ट्रेडमिले परत मागविण्यात आली, यावरून हा इशारा किती गंभीर आहे हे ध्यानी येईल.

सायकलीचा विचार थोडक्यात आटोपता येतो, कारण ती रचनेने साधी आहे. नमद्याच्या तुकड्याने चाकाला घासणारी सायकल स्वस्त असते, पण नमदा झिजतो आणि आवाज करतो. चुंबकाच्या प्रतिकाराची सायकल थोडी महाग, पण मूक आणि टिकाऊ असते. पंख्याच्या हवेवर चालणारी एअर बाइक पायांबरोबर हातांनाही श्रम देते आणि जितक्या जोराने चालवावी तितका प्रतिकार वाढवते, मात्र तिचा घोंघाट शेजारच्या खोलीत ऐकू येतो. पाठीचे वा गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी मागे टेकून बसण्याची सायकल पसंत करावी. आसनाची उंची अशी लागली पाहिजे की, पायडल तळाशी असता गुडघा किंचित वाकलेला राहील. ज्या सायकलीवर घरातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या माणसास हे साधत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी नाकारावी.

घराची मोजणी

यंत्राची मोजणी होते, पण घराची करण्याचे राहून जाते. मल्टी-जिम बहुधा सात फूट उंच असतो. आपल्या सदनिकांत छताची उंची पावणेतीन मीटरच्या आसपास आणि पंख्याची पाती त्याहून बरीच खाली असतात. यंत्र मावते, पण त्यावर हात वर करणाऱ्याची बोटे पंख्यात जातात, अशी स्थिती होऊ नये म्हणून यंत्रासह माणसाची उंची मोजावी. निवासी इमारतींच्या जमिनी चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरून आखण्याचा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. दीडशे किलोंचे यंत्र आणि पाऊणशे किलोंचा माणूस दोन चौरस मीटरवर पसरल्यास ही मर्यादा ओलांडली जात नाही. तथापि जुन्या चाळीत अथवा लाकडी माळ्याच्या घरात अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून जड यंत्र चढवू नये. खाली जाड रबरी चटई घालावी. खालच्या मजल्यावरील कुटुंबाच्या पहाटेच्या झोपेचाही विचार खरेदीत आला पाहिजे. मुंबई, कोकण, गोवा येथील दमट खारी हवा लोखंडाची वैरीण आहे, म्हणून तेथे रंगाचा थर, दांड्यांवरील मुलामा आणि नट-बोल्ट विशेष निरखावेत.

प्रत्यक्ष परीक्षा आणि व्यवहार

दुकानात यंत्र समोर आले की दिव्यांच्या पडद्याकडे शेवटी पाहावे. आधी सांगाडा हलवून पाहावा. नळीची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि त्यात आकडा लहान तितकी जाडी अधिक; १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे १.६. जोडांवरील वेल्डिंग सलग असावे. पुल्या बेअरिंगच्या आहेत की नुसत्या प्लास्टिकच्या, हे विचारावे. सर्वांत हलक्या वजनावर पिन लावून पट्टी अतिशय सावकाश ओढावी आणि तितक्याच सावकाश सोडावी. घर्षण अधिक असेल तर चळत अडखळत उतरते, आणि हा दोष वेगाने ओढल्यास लपतो. केबलवरील आवरणाला चीर नसावी. वापरणाऱ्याच्या वजनाची कमाल मर्यादा घरातील सर्वांत जड माणसाच्या वजनाहून निदान वीस किलो अधिक असावी. व्यायामसाधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात घरगुती वापरासाठी एच आणि व्यावसायिक वापरासाठी एस असे वर्ग आहेत; यंत्रावर असा वर्ग नोंदलेला असल्यास तो पाहावा, आणि घरगुती वर्गाचे यंत्र सोसायटीच्या सामायिक दालनात ठेवू नये.

हमीपत्राचे वाचन ओळीओळीने करावे. सांगाड्यास दहा वर्षांची हमी असून मोटार, केबल आणि विद्युत्-पट्टीस एकच वर्षाची असेल, तर त्या हमीचा खरा अर्थ एक वर्ष इतकाच होतो, कारण सांगाडा सहसा बिघडत नाही. दुरुस्तीचा माणूस आपल्या गावी येतो काय, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, जोडणीचे आणि वाहतुकीचे पैसे किंमतीत धरले आहेत काय, या सर्व गोष्टी पावतीवर लेखी घ्याव्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. पण तो हक्क बजावण्यास दस्तऐवज हाताशी लागतो.

अखेरीस किंमतीचा हिशेब वापराच्या दिवसांवर मांडावा. ३०,००० रुपयांचे यंत्र आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे पाच वर्षे वापरले, तर ७८० वेळांच्या व्यायामास दर वेळी सुमारे ३८ रुपये पडतात. तेच तीन महिन्यांत टाकून दिले, तर दर वेळी ७६९ रुपये पडतात. यास्तव निवडलेल्या प्रकारचे यंत्र खरेदीपूर्वी महिनाभर व्यायामशाळेत, स्नेह्याकडे अथवा भाड्याने घेऊन वापरावे. आणि स्थिर सांगाड्याची, चांगल्या अवस्थेतील जुनी यंत्रे शहरांत पुष्कळ विकावयास येतात, त्यांचाही कमीपणा न मानता विचार करावा.

माझा स्वतःचा निर्णय असा. ज्या कुटुंबाची ऐपत मर्यादित आहे, त्याने स्वस्त ट्रेडमिल आणि स्वस्त मल्टी-जिम या दोहोंचा मोह टाळावा; त्याच पैशात चुंबकाच्या प्रतिकाराची एक भक्कम सायकल, चकत्या बदलता येणारी डंबेलची एक जोडी आणि एक मजबूत बेंच घ्यावे, कारण त्यांत शरीराच्या दोन्ही गरजा भागतात, बिघडण्यासारखे फार थोडे असते आणि डंबेलचा भार जितका लिहिलेला तितकाच असतो. एकटे राहणाऱ्यांस, सुट्या वजनांची भीती वाटणाऱ्यांस आणि ज्यांना जागेची अडचण नाही अशांस चांगला मल्टी-जिम योग्य; आजारातून उठलेल्यास आणि वयोवृद्धास सरकत्या फळीचे यंत्र वा टेकून बसण्याची सायकल; ज्याला चालणेच प्रिय आहे आणि रस्ता नाही, त्यास अखंड शक्तीची खरी मोटार असलेली ट्रेडमिल. वाचकाने घाई करू नये. दोन यंत्रे स्वतः चालवून पाहावीत, भार हाताने ओळखावा आणि मगच बयाणा द्यावा.